दंतवैद्याचे उघडे हात

दंतवैद्याच्या खुर्चीवर बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर कधींच आला नाहीं असे वाचक आतां फार थोडे असतील. त्या खुर्चीवर मनुष्य मान मागें टाकून, तोंड वासून पडला म्हणजे त्यास एकच चिंता असते, ती दुखण्याची. आपल्या तोंडापासून वीतभर अंतरावर दुसऱ्या एका मनुष्याचें तोंड आहे, आपला श्वास तो घेत आहे व त्याचा आपण घेत आहों, हा विचार त्या वेळीं कोणाच्या मनांत येत नाहीं. वैद्यकाच्या दुसऱ्या कोणत्याही शाखेंत रोगी व वैद्य एकमेकांच्या इतके जवळ इतका वेळ क्वचितच असतात.

आमच्या लहानपणीं, म्हणजे सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं, ज्या दंतवैद्याकडे आम्हांस नेत त्याचे हात आम्हांस अजून आठवतात. ते उघडे असत. एका रोग्याच्या तोंडांतून बोटें काढून तो साबणानें हात धुई, खुंटीवरच्या टॉवेलास पुशी, आणि तींच बोटें आमच्या तोंडांत घाली. टॉवेल दिवसभर एकच असे. त्या बोटांस लवंगेच्या तेलाचा वास येई, आणि तो वास म्हणजेच स्वच्छता असा आमचा समज होता. तो गृहस्थ निष्काळजी होता असें मात्र कोणी समजूं नये. हत्यारें तो उकळून घेई, आणि त्या काळीं जगांतील बहुतेक दंतवैद्य याहून निराळें कांहीं करीत नसत. आज आम्ही ज्याच्याकडे जातों त्याचे हात आम्हीं कधीं पाहिलेलेच नाहींत. ते नेहमीं रबरी मोज्यांत असतात, तोंडावर पट्टी असते, डोळ्यांपुढें कांच असते.

या दोन हातांमधल्या काळांत काय घडलें? जंतूंपासून रोग होतात हा शोध तर आमच्या पणजोबांच्या काळींच लागला होता. मग तें ज्ञान आणि हा हातमोजा यांच्यामध्यें शंभर वर्षें कां जावींत? हा प्रश्न मनांत धरून आम्हीं दंतवैद्यकाचा इतिहास चाळला. त्यांत आम्हांस दिसलें तें हें कीं, दंतवैद्यास सावध करण्याचें काम त्याच्या स्वतःच्या विद्येनें क्वचितच केलें. तें बहुतेक प्रत्येक वेळीं बाहेरून आलेल्या एखाद्या भयंकर रोगानें केलें. आणि ज्या रोगाचें त्यास रोज दर्शन घडतें तो हिरड्यांचा रोग, कोणासच भय घालीत नसल्यामुळें, त्या गडबडींत नेहमीं मागें पडला.

हिरड्यांचा रोग कांहीं नवा नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून त्यांपैकीं पंधरा दंतमूलाचे, म्हणजे आपण ज्यास हिरडी म्हणतों त्या जागेचे आहेत. शीताद, दंतवेष्ट, उपकुश इत्यादि त्यांचीं नांवें. हिरडींतून अकारण रक्त येणें, ती मऊ व काळपट होऊन झडणें, पू व रक्त वाहून दांत हलूं लागणें, हीं लक्षणें वाचतांना आजच्या दंतवैद्याच्या टिपणवहीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्याच निदानस्थानांत, कुष्ठाच्या प्रकरणीं, अंगस्पर्श, श्वास, एकत्र भोजन, एकत्र शयन आणि दुसऱ्याचीं वस्त्रें व माळा वापरणें यांनीं कांहीं रोग एकापासून दुसऱ्याकडे जातात, असेंही सांगितलेलें आहे. दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथांत आहेत. पण हिरडी चिरणाऱ्या वैद्यानें रोग्याच्या श्वासापासून जपावें, असे हे दोन धागे तेथें एकत्र विणले गेले नाहींत. यांत सुश्रुतास दोष देण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. पुढें ज्यांच्या हातीं सूक्ष्मदर्शक आला त्यांनींही हेंच केलें.

तो सूक्ष्मदर्शक प्रथम तोंडाकडे वळविला तो हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानें. त्याचें नांव आंतोनी फान लेवेन्हुक. १६८३ च्या सप्टेंबरांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीस एक पत्र लिहिलें. त्या वेळीं त्यानें वयाची पन्नाशी ओलांडली होती. आपण रोज सकाळीं मिठानें दांत घासतों, कोरणीनें दाढा साफ करतों, फडक्यानें पुसतों, त्यामुळें आपल्या वयाच्या माणसांच्या मानानें आपले दांत पुष्कळच स्वच्छ आहेत, असें तो प्रथम सांगतो. (दांतांविषयीं बोलतांना प्रत्येक मनुष्य प्रथम हेंच सांगतो, हें आमच्या अनुभवाचें आहे.) तरीही दांतांच्या फटींत भिजविलेल्या पिठासारखा एक पांढरा पदार्थ राहतोच, असें त्यास आढळलें. तो त्यानें थोडासा काढून पाण्यांत कालविला व भिंगाखालीं धरला, आणि त्यांत अनेक तऱ्हेचे सूक्ष्म जीव मोठ्या डौलानें हालचाल करतांना त्यास दिसले. मग त्यानें जन्मांत कधीं तोंड साफ न केलेले म्हातारे शोधून काढले व त्यांच्या दांतांवरचा मळही पाहिला. एका मनुष्याच्या तोंडांत सबंध देशाच्या लोकसंख्येहून अधिक जीव नांदत आहेत, असा त्याचा हिशेब झाला.

या पत्रांतील आणखी एक बारीकशी नोंद आम्हांस फार मोलाची वाटते. लेवेन्हुकानें तीव्र सिरक्यानें चूळ भरून पाहिली. बाहेर काढलेल्या मळांत सिरका मिसळला तर ते जीव मरत. पण तोंडांत, दांतावर चिकटून बसलेल्या मळांत ते जिवंतच राहत. सिरका त्या थरांत शिरतच नाहीं, असें त्यानें अनुमान काढलें. हिरड्यांच्या रोगाचें सगळें मर्म यांत आहे. हा मळ म्हणजे जंतूंनीं स्वतः बांधलेली एक वस्ती असते. तिच्यावर नुसतें औषध ओतून ती मोडत नाहीं, ती खरवडूनच काढावी लागते. चुळा भरण्याच्या औषधांच्या बाटल्या आज ज्या घरोघरीं दिसतात त्यांच्या विक्रेत्यांनीं हें पत्र वाचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

खरवडून काढण्याची विद्या पुढें हळूहळू वाढली. पॅरिसच्या पिअर फोशारनें १७२८ सालीं दंतवैद्यकाचा पहिला सांगोपांग ग्रंथ लिहिला व दांतांवरील कीटण काढण्याचीं हत्यारें त्यांत वर्णिलीं. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील जॉन रिग्ज यानें तर आपलें सगळें आयुष्य याच एका कामास वाहिलें. हा रिग्ज म्हणजे १८४४ च्या डिसेंबरांत नायट्रस ऑक्साइड हुंगलेल्या होरेस वेल्सचा दांत उपटणारा मनुष्य. वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासांत त्याचें नांव तेवढ्यासाठीं घेतात. पण त्याची खरी कामगिरी दुसरीच होती. हिरड्यांतून पू येऊं लागला म्हणजे त्या कापून टाकण्याची जी रूढि होती तिला त्यानें विरोध केला. रोगाचें कारण दांतावरचा मळ आहे, तो मुळापर्यंत खरवडून काढा व रोग्यास दांत स्वच्छ ठेवावयास शिकवा, असा त्याचा आग्रह होता. त्याच्या देशांत या रोगास 'रिग्जचा रोग' असेंच म्हणूं लागले. त्याचें म्हणणें निर्विवाद सिद्ध व्हावयास मात्र १९६५ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं डेन्मार्कांत बारा निरोगी हिरड्यांच्या माणसांस दांत घासणें बंद करावयास सांगितलें. दोनतीन आठवड्यांच्या आंत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणें पुन्हा सुरू होतांच त्या पूर्ववत् झाल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्र जन्मास आलें तेव्हां दंतवैद्यकास तें सर्वांआधीं लाभावयास हवें होतें. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिन येथें रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेंत काम करीत होता. त्याचा मुखांतील जंतूंवरील ग्रंथ १८९० सालीं निघाला, आणि दुसऱ्याच वर्षीं, मनुष्याचें तोंड हें सगळ्या शरीरास रोग पुरविणारें केंद्र आहे, असा निबंध त्यानें प्रसिद्ध केला. १८९७ सालीं ब्रेस्लाव येथें फ्लुग्गे यानें दाखवून दिलें कीं, मनुष्य नुसता बोलतो तेव्हांही त्याच्या तोंडांतून जंतूंनीं भरलेले तुषार बाहेर पडतात. त्याच गांवांतील शस्त्रवैद्य मिकुलिच यानें तें ऐकून त्याच वर्षीं शस्त्रक्रियेच्या वेळीं स्वतःच्या तोंडावर जाळीच्या कापडाची पट्टी बांधण्यास आरंभ केला. अमेरिकेंत हॉल्स्टेडच्या शस्त्रक्रियागृहांत रबरी हातमोजे त्याच्याही आधीं आले होते.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. पोट फाडणारा शस्त्रवैद्य रोग्याच्या तोंडापासून हातभर दूर असतो. त्यानें पट्टी बांधली. दंतवैद्य तर त्या तोंडांतच काम करतो. त्यानें ती बांधली नाहीं. तोंडाच्या तुषारांचें शास्त्र ज्याच्या सर्वांत जवळचें, त्याच्यावांचून इतरांसच तें उपयोगी पडलें. याचें एक कारण असें दिसतें कीं, तोंड मुळांतच अशुद्ध आहे, तें निर्जंतुक होणें शक्य नाहीं, मग आपले हात निर्जंतुक करून काय साधणार, असा एक सोईचा युक्तिवाद होता. दुसरें कारण बोटांचा अभिमान. हिरडीखालचें कीटण डोळ्यांस दिसत नाहीं. तें हत्याराच्या टोकावरून बोटांस कळतें. रबरानें तें कसब बोथट होईल ही भीति खरी होती, आणि ज्याच्या पोटाची भाकरी बोटांवर अवलंबून आहे त्याच्या अशा भीतीस हंसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

मिलरच्या निबंधाचा परिणाम झाला, पण तो भलत्याच दिशेनें. लंडनचा विल्यम हंटर या नांवाचा एक वैद्य, तोंडांतील पू हेंच अनेक रोगांचें मूळ आहे, असें १९०० सालापासून सांगत होता. १९१० सालीं मॉन्ट्रिअल येथील मॅक्गिल विद्यापीठांत त्याचें व्याख्यान झालें. सोन्याच्या टोप्या व पूल बसवून दंतवैद्य त्यांच्याखालीं पू झांकून ठेवतात, असा त्याच्या आरोपाचा मथितार्थ होता. आरोपांत तथ्य नव्हतें असें नाहीं. किडक्या मुळांवर सोनें मढविण्याचा धंदा तेव्हां जोरांत होता. पण त्यापुढें जें झालें तें अघटित होतें. सांधे दुखतात? दांत काढा. ज्वर जात नाहीं? दांत काढा. मन भ्रमिष्ट झालें? तरीही दांतच काढा. अमेरिकेंत व इंग्लंडांत निदान वीस वर्षें ही लाट चालली आणि लक्षावधि चांगले दांत तीत वाहून गेले. १९३८ सालीं दोनशें संधिवाताच्या रोग्यांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि असें पू-केंद्र काढून टाकल्यानें संधिवातास म्हणण्यासारखा गुण येत नाहीं असें तींत आढळलें. त्यानंतर कोठें ही लाट ओसरूं लागली.

याच काळांत 'पायोरिया' हा शब्द घरोघरीं पोंचला. १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेंतील कांहीं संशोधकांस रोगट हिरड्यांत एक अमीबा सांपडला, आणि आंवेवर देत तें एमेटीन हें औषध टोंचून पायोरिया बरा होतो, असा गाजावाजा झाला. तो अमीबा रोगाचें कारण नव्हता. त्या गाजावाज्यांत सामील असलेला न्यू ऑर्लिन्सचा डॉक्टर बास याचें नांव आज राहिलें आहे तें टोंचण्यामुळें नव्हे, तर पुढें त्यानें शोधून काढलेल्या दांत घासण्याच्या साध्या रीतीमुळें: ब्रश हिरडीच्या कांठाशीं तिरपा धरावा व जागच्या जागीं हलवावा.

असो. हिरडीचा रोग कधीं सर्व रोगांचा राजा ठरे, कधीं अगदींच क्षुल्लक; तो जसा आहे तसा मात्र कोणी पाहीना. आणि हें चालूं असतांनाच १९१८ साल आलें.

त्या वर्षीं जूनमध्यें मुंबई बंदरांत इन्फ्ल्यूएंझा उतरला आणि शरद ऋतूंत त्याची दुसरी, प्राणघातक लाट आली. हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें तींत गेलीं. मुंबई इलाख्यांतील क्वचितच एखादें घराणें असें असेल कीं ज्याच्या वंशावळींत त्या वर्षीं एक तरी रेघ तुटलेली नाहीं. श्वासानें पसरणारा हा रोग होता. सॅन फ्रॅन्सिस्कोंत तर ऑक्टोबरांत तोंडावर पट्टी बांधण्याचा कायदा झाला. दंतवैद्यांनीं त्या काळांत पट्ट्या बांधल्याच नाहींत असें नाहीं. पण सांथ ओसरली आणि पट्ट्या उतरल्या. त्या सांथीनें दंतवैद्याच्या नित्याच्या रीतींत कायमचा असा कांहींच फरक पडला नाहीं. एवढ्या मोठ्या मरणानें जें शिकविलें नाहीं तें पुढें एका लहानशा आंकड्यानें शिकविलें, तें कसें हें आम्ही पुढें सांगणारच आहों.

आपल्या देशापुरती येथें एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. हिंदुस्थानांत दंतवैद्यकाचें पद्धतशीर शिक्षण सुरू झालें तेंच मुळीं या सांथीच्या पाठोपाठ. अमेरिकेंतील आयोवा येथें शिकून आलेले डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिलें दंतवैद्यक विद्यालय काढलें. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंतवैद्यक विद्यालय १९३३ सालीं निघालें. दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीं झाला. या विद्यालयांतून शिकलेल्या पहिल्या पिढ्यांनीं ज्यांची रीत उचलली त्या पाश्चात्य गुरूंचे हात उघडेच होते. आमच्या लहानपणच्या त्या दंतवैद्याचे हात उघडे असण्याचें मूळ हें.

धोका मात्र वाढतच चालला होता, आणि तो वाढविला सुधारणेनें. १९५७ सालीं हवेच्या दाबानें फिरणारें कोरणी यंत्र, ज्यास दंतवैद्य एअरोटर म्हणतात, तें बाजारांत आलें. मिनिटास लक्षावधि फेरे घेणाऱ्या त्या टोकावर पाण्याची धार सोडावी लागते, नाहीं तर दांत तापून मरतो. त्याच दशकांत हिरड्यांच्या उपचारासाठीं श्रवणातीत कंपनांनीं कीटण झाडणारें यंत्र निघालें. त्यासही पाणी लागतेंच. रिग्जच्या हातांत लोखंडी आंकडी होती. तिनें खरवडतांना कीटण पडे, पण धुकें उडत नसे. आतां रोग्याची लाळ, हिरडींतलें रक्त व पाणी यांचें एक अदृश्य धुकें दंतवैद्याच्या तोंडावर उडूं लागलें. १९६९ सालीं कांहीं अमेरिकन संशोधकांनीं या धुक्यांतील जंतु मोजून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या अभ्यासांतूनही हेंच निष्पन्न झालें कीं, दंतवैद्याच्या सर्व हत्यारांत सर्वाधिक तुषार उडविणारें जर कोणतें असेल तर तें हें हिरड्या साफ करण्याचें यंत्र. हें ज्ञान छापलेलें होतें, ग्रंथालयांत होतें. हात उघडेच राहिले.

ते झांकले गेले रक्तानें पसरणाऱ्या दोन रोगांमुळें. पहिला यकृताचा, ज्यास ब-काविळीचा रोग म्हणतात. ब्लंबर्ग यानें त्याचा मागमूस रक्तांत शोधून काढल्यावर १९७० नंतर रक्ताच्या तपासण्या होऊं लागल्या, आणि दंतवैद्यांमध्यें या रोगाच्या खुणा सामान्य लोकांहून बऱ्याच अधिक आढळल्या. कारण उघड होतें: बोटावर बारीकशी चीर, आणि तें बोट रक्ताळलेल्या हिरडींत. उलट दिशेनेंही तें घडे. अमेरिकेंत १९७० ते १९८७ या काळांत दंतवैद्यापासून रोग्यांस ही कावीळ झाल्याचे नऊ प्रसंग नोंदले गेले. या रोगाची लस १९८२ पासून मिळूं लागली आणि १९८६ सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें दंतवैद्यांसाठीं स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. पण कावीळ ही माहितीची. तिच्यानें माणसें घाबरतात ती बेतानेंच.

दुसरा रोग एड्स. १९९० च्या जुलईंत बातमी फुटली कीं, फ्लॉरिडांतील एका तरुणीस हा रोग तिच्या दंतवैद्यापासून झाला असावा. तपास होतां होतां अशा रोग्यांची संख्या सहावर गेली. तो दंतवैद्य स्वतः त्याच वर्षीं मरण पावला. त्याचा रोग त्यांच्याकडे नेमका कसा गेला हें आजतागायत निश्चित झालेलें नाहीं. पण सहा या आंकड्यानें जें केलें तें कोटीच्या आंकड्यानें केलें नव्हतें. दोनचार वर्षांत हातमोज्यांवांचून काम करणारा दंतवैद्य अमेरिकेंत दिसेनासा झाला, आणि कांहीं वर्षांनीं आपल्याकडेही. यांतील फरक आमच्या मतें असा आहे: इन्फ्ल्यूएंझा कोणाकडून आला हें कोणी सांगूं शकत नसे, त्यामुळें कोणी कोणास जाब विचारीत नसे. येथें प्रथमच रोग्यानें वैद्याच्या हातांकडे बोट दाखविलें.

हातमोजे आले, पण ते रक्तासाठीं आले. श्वासाचा प्रश्न तसाच राहिला. तोंडावरची पट्टी नियमानें आली, पण ती सैल असे, पुष्कळदां नाकाखालीं असे, आणि खिडकी उघडण्याची आठवण वातानुकूलित खोलींत कोणास होणार?

२०२० सालीं तो प्रश्न पुढ्यांत येऊन उभा राहिला. चीनमधील वुहान येथील दंतरुग्णालयांतील नऊ कर्मचाऱ्यांस कोरोनाची बाधा झाली. त्याच रुग्णालयानें जानेवारीच्या अखेरीपासून पुरेसें संरक्षण घेऊन सातशेंहून अधिक रोग्यांवर तातडीचे उपचारही केले, व आपला अनुभव लिहून जगापुढें मांडला. मार्च महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें निरनिराळ्या धंद्यांतील धोक्याचा एक नकाशा छापला. त्यांत सर्वांत टोकाला दंतवैद्य होते, आणि त्यांच्याही पुढें होत्या त्या हिरड्या साफ करणाऱ्या त्यांच्या सहाय्यिका. इंग्लंडांत २५ मार्चपासून नित्याचे दंतोपचार बंद झाले ते ८ जूनपर्यंत. आपल्याकडे २५ मार्चलाच टाळेबंदी लागली. मे महिन्यांत सरकारनें दंतवैद्यांसाठीं सूचना काढल्या. तातडीचें काय व टाळतां येण्यासारखें काय, याच्या याद्या सर्व देशांत झाल्या, आणि प्रत्येक यादींत हिरड्यांची सफाई टाळण्यासारख्या कामांत पडली.

दंतवैद्यांस धोक्याची जाणीव किती आहे, याचे पाहणी-अहवाल त्या वर्षीं ढिगांनीं निघाले. तीस देशांतील साडेसहाशें दंतवैद्यांच्या एका पाहणींत बहुतेकांनीं आपण भ्यालों असल्याचें कबूल केलें. आम्हांस यांत लाज वाटण्यासारखें कांहींच दिसत नाहीं. त्या अहवालांतून पुन्हा पुन्हा दिसतें तें हें कीं, रोग कसा पसरतो हें बहुतेकांस ठाऊक होतें. पण तें ठाऊक असणें आणि त्याप्रमाणें खोलींतली हवा, पट्टी, रोगी बोलावण्याची वेळ हें सर्व बदलणें, यांत अंतर होतें. तेंच १८९७ पासूनचें अंतर.

मग भय खोटें होतें काय? अमेरिकेंत जून २०२० मध्यें सुमारें बावीसशें दंतवैद्यांची पाहणी झाली. त्यांत बाधित किंवा संभाव्य बाधित शेंकडा एकाहूनही कमी निघाले. दुसऱ्या वर्षीं ओहायो येथें अठ्ठावीस रोग्यांवर प्रयोग करून उडणाऱ्या तुषारांतील जंतूंचें मूळ तपासलें, तों त्यांतील बहुतांश यंत्राच्या पाण्यांतून आलेले होते. लाळेचा वांटा अगदीं अल्प होता. कांहीं रोग्यांच्या लाळेंत कोरोनाचा विषाणु होता, पण तुषारांत तो सांपडला नाहीं. संरक्षण घेऊन काम करणारा दंतवैद्य, भीति वाटत होती त्या मानानें, पुष्कळ सुरक्षित होता. धोका नव्हताच असा मात्र याचा अर्थ कोणी करूं नये. आपल्याकडे पुष्कळ दंतवैद्य या रोगानें गेले. ते खुर्चीजवळ गेले कीं बाजारांत, हें कोण सांगणार?

याच्या उलट बाजूची एक नोंद कतारमधून आली. २०२१ च्या आरंभीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत ५६८ कोरोनारोग्यांचीं दंतपत्रकें पाहिलीं होतीं. ज्यांच्या हिरड्यांचा रोग हाडापर्यंत गेला होता त्यांच्यांत अतिदक्षता विभागांत जाण्याचें व मृत्यूचें प्रमाण अनेक पटींनीं अधिक आढळलें. हें वाचून आम्हांस प्रथम हंटरची आठवण झाली. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. मधुमेह व तंबाखू दोहोंनाही पोसतात, आणि अभ्यासकांनीं तो हिशेब घेतला असला तरी सगळा घेतां येत नाहीं. दांत उपटण्याची लाट ज्यांनीं वाचली आहे त्यांनीं अशा आंकड्यांपुढें थोडें थबकावें. पण ज्या उपचारास सर्व याद्यांनीं टाळण्यासारखा म्हटलें होतें, त्याच्याविषयीं हा अभ्यास गप्प बसूं देत नाहीं, हेंही खरें.

आमचा स्वतःचा अनुभव येथें सांगावयास हरकत नाहीं. आमच्या डाव्या बाजूच्या हिरड्यांचा उपचार चार बैठकींत व्हावयाचा होता. दोन बैठकी झाल्या आणि टाळेबंदी लागली. आमच्या दंतवैद्यानें दूरध्वनीवरून आम्हांस प्रेमानें समजाविलें कीं, हें थांबण्यासारखें आहे. हिरड्या दुखत नव्हत्या, त्या कधींच दुखत नाहींत. दिवाळीच्या सुमारास खुर्चीवर बसलों तेव्हां एक दाढ हलत होती. ती पुढच्या वर्षीं गेली. त्यांत त्या भल्या माणसाचा कांहींच दोष नाहीं, आणि ज्या वर्षीं लोकांचीं माणसें गेलीं त्या वर्षीं आमची एक दाढ गेली याची तक्रारही नाहीं.

पण त्याच सुमारास, २०२१ च्या उन्हाळ्यांत, महाराष्ट्रांत एक वेगळीच गोष्ट घडत होती. कोरोनांतून उठलेल्या, मधुमेह असलेल्या व स्टेरॉइडें दिलेल्या माणसांस बुरशीचा एक रोग होऊं लागला. म्युकरमायकोसिस हें त्याचें नांव. बुरशी नाकांतून वरच्या जबड्यांत उतरे, तेथून डोळ्याकडे व मेंदूकडे चढे. दिवस गेले कीं डोळा काढावा लागे, जबडा काढावा लागे, पुष्कळदां प्राणही जाई. मे महिन्यांत सरकारनें तो नोंदणीस पात्र रोग ठरविला. डोळा सुजल्यावर रोगी रुग्णालयांत जात. पण पुष्कळांस त्याच्याही आधीं, चार बरे असलेले दांत अचानक एकदम सैल झाल्याचें, हिरडींतून पू आल्याचें जाणवे, आणि अशी माणसें पहिल्यानें दंतवैद्याकडे येत. दवाखाने तेव्हां अर्धेच उघडे होते. दंतवैद्य दुहेरी पट्टी, कांच, अंगभर झगा असा जामानिमा करून, घामानें निथळत, त्यांच्यासमोर उभा राही. तक्रार बहुधा एकच असे: दांत हलतो. तेव्हां ना धुकें उडविणारें यंत्र लागे, ना दुसरें कांहीं. हातमोज्यांतल्या दोन बोटांनीं तो दांत धरून पाहिला आणि शेजारचाही त्याच्याबरोबर हलला, कीं रोग्यास त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत पाठवावें लागे.